गाळलेल्या पाण्यावरचे बटाटे

माझी आई बसल्या जागी झोपू शकत असे. लसूण सोलता सोलता झोपे, शाळेच्या पालकसभेत झोपे, आणि एकदा तर नागपूरच्या फलाटावर सामानाचे सतरा डाग मोजता मोजता दहाव्या डागाला टेकून झोपली आणि ‘अकरा’ म्हणून जागी झाली. ही गोष्ट मी नातेवाइकांत हातवारे करून, आईचा आवाज काढून सांगत असे आणि हमखास हशा मिळवत असे. आता माझी पन्नाशी उलटली. परवा मी दातांच्या डॉक्टरकडं बाकावर बसल्या बसल्या घोरले, शेजारच्या बाईंनी हलवून उठवलं, तेव्हापासून तो विनोद मला तितकासा जमत नाही. आई दमलेली होती, बस्स. आमचं अख्खं घर दमलेलं होतं. बाबा केंद्र सरकारच्या एका खात्यात होते आणि ते खातं त्यांना पत्त्यांतल्या जोकरासारखं हवं तिथं लावायचं. भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायची आणि सोडायची, ट्रंकांवरचं जुनं गाव खोडून नवं गाव रंगवायचं, नवीन शाळेत तेच जुनं आडनाव तीन वेळा उच्चारून दाखवायचं. आमच्या ट्रंकांवर खोडलेल्या गावांचा इतका थर साचला होता की हात फिरवला तर भूगोल बोटांना लागायचा.

आईचं माहेर कृष्णाकाठचं, सांगलीजवळचं. शेतकऱ्याची लेक ती. चार हात माती दिसली की तिच्याच्यानं राहवायचं नाही, काहीतरी लावायचीच. आणि ते हाताशी यायच्या आत आमची बदली व्हायची. नागपूरला लिंबू लावलं, त्याला पहिली फुलं आली आणि आम्ही भोपाळला गेलो. भोपाळला पपई लावली, ती हिरवीच सोडून अहमदाबादला. अहमदाबादला शेवगा लावला. आम्ही निघाल्यावर त्याला एवढ्या शेंगा लागल्या की गल्लीभर वाटल्या, असं तिथल्या शेजारणीनं कौतुकानं पत्र लिहिलं. आईनं ते पत्र वाचलं, त्याची चौकोनी घडी केली आणि डळमळणाऱ्या पोळपाटाच्या पायाखाली सरकवली. पोळपाट डळमळायचा थांबला. त्या पत्राचा तेवढाच उपयोग तिला दिसला.

मग आम्ही जयपूरला आलो. शास्त्री नगरात तळमजला भाड्यानं मिळाला. पुढं रस्ता, मागं तीन खाटा मावतील एवढं परस, आणि वर गच्चीला लागून दोन खोल्यांत घरमालकीण अम्माजी. सकाळी अम्माजींच्या जपाचा गुणगुणाट, मग मोरांचा केकाटा, मग गल्लीभर ‘पानी आ गयाऽऽ’ ही आरोळी आणि त्यापाठोपाठ बादल्यांचं तांडव. त्या घराची घंटा अशी तीनदा वाजायची. अम्माजी साठीच्या, विधवा, पांढऱ्या सुती लुगड्यातल्या, आवाजानं मऊ आणि नजरेनं कडक. मुलगा सुरतेला कापडात होता. घर देताना त्यांनी बाबांना तीन अटी घातल्या, “मांस-अंडा नहीं, दीवार में कील नहीं, और नल के नीचे बरतन नहीं पटकना.” बाकी भाडेकरूच्या ताटात डोकावणं त्यांच्या रीतीत बसत नव्हतं. आईला त्या ‘बींदणी’ म्हणत. म्हणजे सूनबाई. परक्या गावात कुणी सूनबाई म्हटलं की बाई निम्मी विरघळते. आई पूर्ण विरघळली.

दसरा झाला आणि एका रविवारी चहा पिताना आई म्हणाली, “बटाटे.”

“बटाटे काय?” बाबांनी पेपरामागून विचारलं.

“नव्वद दिवसांत येतात. फार तर शंभर. सरकार काय शंभर दिवसांत माणूस हलवत नाही.”

“सरकार शंभर दिवसांत खुर्ची हलवत नाही,” बाबा म्हणाले. “लाव की.”

आईचा चेहरा मी त्या क्षणी पाहिला. लहान मूल भिंतीवरचं बरणीचं फडताळ गाठायला स्टूल सापडल्यावर करतं तसा चेहरा. आयुष्यभर झाडं लावून फसलेल्या बाईला अखेर बदलीपेक्षा जोरात पळणारं पीक सापडलं होतं.

आता अम्माजी जैन आहेत, हे आईला अर्थातच ठाऊक होतं. पण तिच्या माहेरी निम्मं गाव जैन आणि सगळे शेतकरी. हळद, आलं, बटाटा, सगळं जमिनीतून काढायचे आणि गाड्या भरून बाजाराला न्यायचे. त्यांच्यातल्या कित्येकांच्या घरात ते शिजत नसे, पण शेत ते शेत आणि चूल ती चूल. तेव्हा जैन घरमालकिणीच्या परसात बटाटा लावताना विचारावं लागतं, हे तिच्या मनातही आलं नाही. बाजारातून मोड आलेले बटाटे आणले, प्रत्येक फोडीला दोन डोळे राहतील असे कापले, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्याकडून राख आणून कापलेल्या अंगाला चोळली आणि वाळूसारख्या त्या मातीत शेणखत कालवून पाच वरंबे ओढले. फोडी पुरायचं काम माझं.

“डोळे वर,” आई ओरडली. “डोळे खाली गेले तर बिचारे कुठं जातील? पाताळात?”

“पाताळात काय असतं?”

“तुझ्या बाबांचं ऑफिस.”

शहराच्या पार दुसऱ्या टोकाच्या, झालान्याच्या ऑफिसातून रोज दोन बस बदलून येणारे बाबा खिडकीतून म्हणाले, “ऐकलं बरं का.”

वीतभर पानं वर आली तेव्हा संकष्टीचा दिवस होता. आईनं साबुदाण्याची खिचडी केली आणि वाटी देऊन मला वर पिटाळलं. अम्माजींनी वाटीत निरखून पाहिलं. “इसमें आलू है, बेटा?”

“हाँ जी! बहुत सारा!” मी माल विकायला बसल्यासारखी म्हणाले.

“फिर हम नहीं लेंगे. जमीन के अंदर की चीज है. निकालो तो कितने जीव मरते हैं, कोई गिनती नहीं.”

“पर आज तो उपवास है!”

आमच्यात उपास म्हणजे बटाटा, त्यांच्यात उपास म्हणजे बरेचदा पाणीसुद्धा नाही. आम्ही दोघींनी एकमेकींकडं अपार करुणेनं पाहिलं. मग अम्माजी गच्चीच्या कठड्याशी गेल्या, खाली वाकल्या आणि नको तेच विचारलं, “और बींदणी ने ये क्या लगाया है? कितना हरा है!”

त्यांचं सगळं आयुष्य परकोट्याच्या, म्हणजे जुन्या शहराच्या तटाच्या आत, जवाहिऱ्यांच्या गल्लीत गेलेलं. बटाट्याचं झाड त्यांनी कुठं पाहिलेलं असणार? आणि खरं सांगा, तुमच्यापैकी तरी किती जणांनी पाहिलंय? माझ्या डोळ्यांपुढं लिंबू, पपई, शेवगा अशी रांग उभी राहिली आणि तोंडातून निघून गेलं, “फूल हैं, अम्माजी. विलायती.”

“अच्छा? कौन-से रंग के?”

थाप मारायची तर अर्धवट मारू नये, हे माझं तेव्हापासूनचं तत्त्व आहे. “सफेद,” मी म्हणाले. “बीच में पीला.”

दुसऱ्या दिवसापासून वरून पाण्याची बादली उतरू लागली. नळाचं पाणी आमच्या वाट्याला जेमतेम स्वयंपाकापुरतं यायचं, अम्माजींची मात्र स्वतःची टाकी होती. “तेरे फूल प्यासे न मरें,” असं मला जिन्यात म्हणाल्या आणि रोज सकाळी दोरीनं एक बादली खाली. आणि कसलं पाणी! दुहेरी पंच्यातून गाळलेलं. अम्माजी आधी पाणी गाळायच्या, मग त्या फडक्याची गाळ धरलेली बाजू हलक्या हातानं थोड्या पाण्यात विसळून ते पाणी परत टाकीत सोडायच्या, का, तर फडक्याला अडकलेला जीव त्याच्या घरी जावा. मग बादली उतरायची. खाली आई ती घ्यायची, सरीत सोडायची आणि मला म्हणायची, “केवढी पुण्यवान बाई बघ. बटाट्याला गाळून पाणी देते.” एखादा जीवसुद्धा दुखावू नये म्हणून गाळलेलं ते पाणी वरून फुलांसाठी निघायचं आणि खाली बटाट्यांना मिळायचं, हे त्या घरात एकट्या मला माहीत होतं. नाटकात दोन पात्रं दोन बाजूंना आणि मधल्या जिन्यावर मी. सुरुवातीचे दिवस मला फार मजा आली, हे कबूल करते. नंतर मात्र मी सकाळी बादलीच्या वेळी न्हाणीघरात जाऊन बसायला लागले. थापेचं एक असतं, ती मारायला क्षण लागतो आणि वागवायला हिवाळा.

तो हिवाळा मोठा होता. शाळेचा स्वेटर दमट, बाबांना खोकला, आईच्या टाचांना भेगा. तरी ती रोज संध्याकाळी खुरपं घेऊन बसायची, वरंब्यांना मातीची भर द्यायची, गारठा पडेलसं वाटलं की जुनी लुगडी पानांवर पांघरायची. संक्रांतीला गल्लीतल्या सगळ्या गच्च्यांवरून ‘वो काटाऽ’च्या आरोळ्या उठल्या आणि कापलेले पतंग आमच्या परसात पडू लागले, तेव्हा आई केरसुणी घेऊन वाफ्याच्या मधोमध उभी राहिली. एकही मांजा तिनं पानांना लागू दिला नाही. त्याच आठवड्यात फुलं आली. थोडीशीच, पण पांढरी आणि मध्ये पिवळी! इतकी इमानदार थाप मी आयुष्यात पुन्हा मारली नाही. अम्माजींनी माझ्याकडून एक झुपका मागून घेतला आणि पितळी पेल्यात घालून खिडकीत ठेवला.

आणि जानेवारी संपता संपता बाबा ऑफिसातून आले, खुर्चीवर बसले, एक बूट काढला आणि दुसरा न काढताच म्हणाले, “ऑर्डर आली. जबलपूर. अठरा दिवस आहेत.”

आई पोळी लाटत होती. लाटणं थांबलं नाही. फक्त ती पोळी एवढी मोठी झाली की पोळपाटाबाहेर लोंबू लागली. “अठरा,” ती म्हणाली. “आज पाला कापला, तर दहा-बारा दिवसांत साल धरेल. मग काढायचे, दोन दिवस सुकवायचे, पोत्यात भरायचे. होतंय की.” आणि पीठ लागलेल्या हातांनीच विळा शोधायला गेली.

बटाटा काढायच्या आधी त्याचा हिरवा पाला कापून टाकतात आणि कंद तसेच मातीत ठेवतात. मग त्याची साल घट्ट होते, नाहीतर हात लावताच सोलून निघते. हे आईला माहीत होतं. अम्माजींना काय माहीत? उन्हं कलली होती. त्या नेहमीप्रमाणे कठड्याशी आल्या आणि त्यांना दिसलं की बींदणी विळ्यानं सपासप फुलझाडं कापते आहे.

“अरे अरे! बींदणी! क्या कर रही हो? फूल क्यों काट दिए?”

आईनं वर पाहिलं. “फूल? कौन-से फूल, अम्माजी? ये तो आलू हैं. अब नीचे पक गए, अब निकालेंगे!” तिच्या आवाजात, बदलीची ऑर्डर दहा मिनिटांपूर्वी आलेली असूनही, चक्क आनंद होता.

अम्माजी कठड्यावरून आणखी वाकल्या. त्यांनी वाफ्याकडं पाहिलं, मग दोरीच्या टोकाला बांधलेल्या रिकाम्या बादलीकडं पाहिलं, मग आईमागं पाला गोळा करणाऱ्या माझ्याकडं. आणि आत गेल्या. थोड्या वेळानं खिडकीतला पितळी पेला उचलला गेला.

“कसली फुलं गं?” आईनं मला विचारलं.

मी सगळं सांगितलं. खिचडी, विलायती, सफेद, बीच में पीला. आई मारेल म्हणून मी दोन पावलं मागं सरकून सांगत होते. पण ती वरंब्यावर बसली, विळा मांडीवर ठेवला आणि नुसतीच बसून राहिली. मला वाटलं, झोपली. मग म्हणाली, “मला सांगायचंस की.”

“तू उपटून टाकले असतेस.”

“होय. टाकले असते.” मग विळ्याचं पातं पुसत, “तिनं गाळून पाणी घातलंय गं.”

दुसऱ्या दिवशी बादली उतरली नाही. आई वर जाऊन माफी मागून आली. अम्माजींनी तिला पाट दिला, पाणी दिलं, ‘तुझा दोष नाही’ म्हणाल्या, पण बोलणं तेवढंच. खाली आल्यावर आईनं जाहीर केलं, “नाही काढायचे. राहू दे मातीत.”

“विचारून तर बघ,” बाबा म्हणाले.

“काय विचारू? तुमच्या पाण्यावर वाढवले, आता तुमच्या दारात खणू का? ती नको म्हणेल तर तिला वाईट, हो म्हणेल तर त्याहून वाईट.” आणि ती भांडी वर्तमानपत्रात गुंडाळायला बसली. लिंबू, पपई, शेवगा आणि आता बटाटे. रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त दमलेली दिसत होती, कपबशा गुंडाळत, एकेक.

आठवडाभर मी ते पाहिलं आणि मग एका दुपारी जिना चढून गेले. अम्माजी गहू निवडत होत्या. मी उंबऱ्याबाहेरच उभी राहिले. पाठ केलेलं माफीचं भाषण होतं, त्यात एके ठिकाणी गळा दाटून आणायचाही बेत होता. पण तोंड उघडलं आणि भलतंच बाहेर आलं. नागपूरचं लिंबू. भोपाळची पपई. शेवग्याचं पत्र पोळपाटाखाली. शंभर दिवसांचा हिशेब. मोडक्या हिंदीत, वाकडंतिकडं. कुठंही गळा दाटला नाही, नाक मात्र वाहिलं.

“तो एक बार भी नहीं खाया?” अम्माजींनी विचारलं. “अपने हाथ का लगाया?”

“एक बार भी नहीं.”

त्यांनी सुपातले खडे वेचले. “झूठ बोलना पाप है,” त्या म्हणाल्या, “और तूने बड़ा बोला.” मग सूप बाजूला ठेवलं. “मंगल को मैं मुरलीपुरा जाऊँगी, बहन के यहाँ. सवेरे जाऊँगी, शाम को आऊँगी. मम्मी को बोल, चाबी नीचे रखके जाऊँगी.”

मी आनंदानं काही बोलणार, तेवढ्यात त्यांनी बोट वर केलं. “सुन. मैं हाँ नहीं कह रही. हाँ मैं कह नहीं सकती. मैं बस उस दिन घर पर नहीं हूँ.”

मंगळवारी सकाळी रिक्षा कोपऱ्यावरून वळेपर्यंत आई दारात उभी होती. मग पदर खोचला. बाबांनी रजा टाकली होती. ते शेजारून फावडं मागून घेऊन आले, तर आईनं ते बाहेरच ठेवायला लावलं. “फावडं नको. हातानं काढायचं. गांडूळ दिसलं की थांबायचं, उचलून ओल्या मातीत ठेवायचं, मग पुढं. मुंगीसुद्धा.”

“अगं, अशानं आठवडा लागेल.”

“आपल्याकडं संध्याकाळपर्यंत आहे.”

तो दिवस माझ्या गुडघ्यांना अजून आठवतो. पाच वरंबे, तिघं जणं, आणि प्रत्येक मुठीमागं एक गांडूळ हात जोडून उभं. नखांत माती, पाठीत काठी. पण बोटं मऊ मातीत शिरतात आणि तिथं काहीतरी गार, गोल, गुळगुळीत हाताला लागतं, तो क्षण मी कितीही रंगवून सांगितला तरी थोडाच. पहिला बटाटा आईला लागला. लिंबाएवढा होता. तिनं तो पदरानं पुसला, उजेडाकडं धरला, हुंगला आणि हसली. दोन बादल्या भरल्या, काही सुपारीएवढे, काही मुठीएवढे, सगळ्यांची साल पातळ पण पक्की. उन्हं उतरल्यावर आईनं आम्हाला हात धुवायला पाठवलं आणि एकटीनं बसून जमीन सारखी केली, वर पाणी शिंपडलं, झाडून घेतली. त्या संध्याकाळी आमच्या घरात वरणभात होता. त्या छताखाली तिनं त्यातला एकही बटाटा शिजवला नाही.

अम्माजी परतल्या. परसाकडं पाहिलं. आईकडं पाहिलं. “थक गई, बींदणी?”

“हाँ, अम्माजी.”

“सो जा,” त्या म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या. दुसऱ्या सकाळी, वाफ्यात काहीच नसताना, बादली उतरली. गाळलेलं पाणी. आई ते ओतायला रिकाम्या जमिनीपाशी गेली, तेव्हा वरून पाहणाऱ्या अम्माजी नुसत्या मान हलवत होत्या. मला तेव्हा वाटलं, जमिनीला थंडावा म्हणून.

निघायच्या आदल्या दिवशी आईनं थोडे बटाटे गल्लीपलीकडच्या शेजारणीच्या चुलीवर उकडून घेतले. आगगाडीनं जयपूर सोडलं, शहराच्या कडेचे डोंगर मागं पडले आणि आईनं डबा उघडला. मीठ, जिरं, बस्स. आपला स्वतःचा बटाटा तिनं सालीसकट खाल्ला. चावता चावता म्हणाली, “गोड आहे.” दुसरा हातात घेतला, आणि तो हातात तसाच असताना खिडकीला टेकून झोपली. बाबांनी तिच्या मुठीतून तो सोडवायचा प्रयत्न केला. सुटला नाही.

पुढच्या हिवाळ्यात जबलपूरला अम्माजींचं पोस्टकार्ड आलं. घरात हिंदी वाचायचं खातं माझ्याकडं. आई मटार सोलायला बसली होती, डोळे मिटलेले, मांडीवर ताटली. मी साभिनय वाचू लागले. सुरतेच्या सुनेला बरं आहे, टाकीला नवं झाकण बसवलं, आणि मग, “बींदणी, इस साल कोने में फूल आए हैं. मैंने नहीं लगाए. सफेद हैं, बीच में पीला. पानी छानकर देती हूँ. नीचे क्या है, मुझे मालूम है. मैं खोदूँगी नहीं, तो अब ये हर साल आएँगे.”

“आई! काढताना आपले काही राहून गेले वाटतं!” मी ओरडले. “एखादा-दुसरा.”

“पाच,” आई डोळे न उघडता म्हणाली. “डोळे वर करून ठेवले होते.”

आणि पुन्हा झोपली.